पेवा

पेवा : (हिं. केऊ, कुल कॉस्टेसी, शास्त्रीय नाव हेलेनिया स्पेसिओसा, जुन्या ग्रंथांत कॉस्टस स्पेसिओसस). रानाच्या ओल्या सावलीत पावसाळ्यात फुलणारी बहुवर्षायू कंदवर्गीय वनस्पती. गोवा, कोकण आणि सह्याद्रीच्या घाटउतारांवर ती ओढ्याकाठी, झाडीच्या कडेला, वाटेवरच्या दरडींवर दिसते. उंची एक ते अडीच मीटर.

पेव्याची ओळख त्याच्या खोडावरून पटते. हळदीची व आल्याची पाने दोन रांगांत येतात. पेव्याची पाने मात्र मळसूत्री जिन्यासारखी वळत वर चढतात आणि त्यांबरोबर खोडालाही पीळ पडतो. पान चुरगळल्यास आल्याचा वास येत नाही. पानांची खालची बाजू रेशमासारखी मऊ. जुलै ते सप्टेंबर या काळात शेंड्यावर तांबड्या छदांचे कणीस येते व त्यातून रोज एखाद-दुसरे पांढरे, चुरगळलेल्या तलम कागदासारखे, घशाशी पिवळसर फूल उमलते. फूल एका दिवसाचे, पण कणीस कित्येक आठवडे टिकते. पुढे लाल बोंडे धरतात. त्यांतील काळ्या बियांना पांढरे आवरण असते.

नावाने बराच गोंधळ घातला आहे. ‘कॉस्टस’ या जुन्या नावाशी जुळणारे औषधी कोष्ठ म्हणजे हिमालयातील वेगळ्याच कुलातील सुगंधी मूळ. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या संवादग्रंथात त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. या कोष्ठाचा पेव्याशी संबंध नाही. ‘पेव फुटणे’ या वाक्प्रचारातील पेवही धान्य साठवण्याचे तळघर होय. पेव्याच्या कंदात डायोसजेनिन हे संप्रेरकनिर्मितीस उपयोगी द्रव्य असते, परंतु त्यावरून घरगुती औषधोपचार करू नयेत.

लागवडीसाठी कुळागराइतकी (पोफळी-माडांच्या बागायतीइतकी) योग्य जागा नाही. पोफळी, माड व मिरवेलींखाली गाळून येणारे ऊन, कुजलेला पातेरा आणि उतारामुळे निचरा होणारी माती पेव्याला हवी तशीच असते. उदाहरणार्थ, गोव्यात मांडवीकाठच्या आमोण्यात (ता. डिचोली) लावायचा झाल्यास भरतीचे खारे पाणी जिरते ती जमीन टाळून वरच्या अंगाची बागायत निवडावी. मे महिन्याच्या अखेरीस डोळा असलेला कंदाचा तुकडा बोटभर खोल पुरावा. दोन-तीन पेरांचे खोडाचे तुकडे ओल्या वाळूत आडवे ठेवले तरी फुटतात. रोपांत हातभर अंतर ठेवावे, गड्डे पसरतात. फार दाट सावलीत पाने भरपूर, पण फुले कमी येतात. पाणी साचल्यास कंद कुजतो.

खरी चूक होते ती हिवाळ्यात. डिसेंबरच्या सुमारास खोडे पिवळी पडून वाळतात आणि झाड मेले असे समजून कोणी कंद उपटतो, तर कोणी पाणी घालत राहतो. पेवा त्या वेळी केवळ विसावलेला असतो. वाळलेली खोडे जमिनीलगत कापून वर पातेऱ्याचा थर द्यावा आणि जागेवर खूण म्हणून काठी रोवावी, म्हणजे उन्हाळ्यात कुदळ चुकून तेथे पडत नाही. वळवाच्या सरींनंतर त्या काठीशेजारी गुंडाळलेल्या पानांचे कोंब वर येतात. दर तीन-चार वर्षांनी दाटलेला गड्डा फोडून शेजाऱ्यांना वाटावा. रानातून खणून आणण्याची गरज त्यामुळे उरत नाही.