कोबीवरची अळी आणि तिचा शत्रू

कीटकनाशक निवडताना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : याने कीड मरेल का? त्याबरोबर आणखी कोण मरेल, हे विचारायला आम्हा कीटक-अभ्यासकांनाही बराच काळ लागला. कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांना १९३९ साली आढळला; १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. किडींचा प्रश्न आता सुटला असे अनेकांना वाटले. परंतु इंडोनेशियातील जावा बेटावर, लेंबांग परिसरात, या पतंगाच्या अळ्या डीडीटीला दाद देईनाशा झाल्याची नोंद १९५३ साली प्रसिद्ध झाली.

त्याच बेटावर १९५० साली न्यूझीलंडहून डायडेग्मा नावाचा मित्रकीटक आणला होता. ही गांधीलमाशीची चिमुकली नातलग. ती अळीच्या शरीरात अंडे घालते आणि तिचे पिल्लू अळीला आतून खाते. पण शेतकरी जहाल औषधे फवारत राहिले. अळ्या औषधाला सरावल्या होत्या, डायडेग्मा नव्हती. म्हणजे फवारणीने किडीला नव्हे, तिच्या शत्रूलाच मारले!

मार्ग निघाला तो एका जीवाणूमुळे. जपानमध्ये इशिवाता यांना १९०१ साली रेशीमकिड्यांत तो सापडला होता. जर्मनीत बर्लिनर यांनी १९१५ साली त्याला थुरिंजिया प्रांतावरून बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे नाव दिले. त्याचा प्रथिन-स्फटिक अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतो आणि आतड्याला छिद्रे पाडतो. डायडेग्मा पाने खातच नाही, त्यामुळे ती वाचते. मेलेल्या अळीतले तिचे पिल्लू मात्र अळीबरोबरच जाते. पण उडणाऱ्या माद्या राहतात व पुढची पिढी वाढवतात. जावाच्या डोंगराळ भागात जहाल औषधांऐवजी हा जीवाणू वापरला, तेथे डायडेग्माला आपले काम करता आले.

मग प्रश्न संपला का? नाही. १९९० साली हवाईतील शेतांत या पतंगात जीवाणूविरुद्धही प्रतिकारशक्ती आढळली. औषध निवडक असले तरी ते वारंवार व विनाकारण फवारले तर बोथट होते.

विद्यार्थ्यांना कोबीचे किडके पान जरूर दाखवावे. त्यावर कधी तांदळाच्या कणीएवढा पांढरा कोष दिसतो. तो बहुधा अशाच एखाद्या मित्रकीटकाचा असतो. फवाऱ्याला हात घालण्यापूर्वी आपण तो शोधावा, एवढे तरी या इतिहासातून शिकायला हवे.