आजारी मांजराचा राग

मांजराविषयीं मराठींत म्हणी पुष्कळ आहेत. परंतु त्याच्या इमानाची साक्ष देणारी म्हण शोधूनहि सांपडणें कठीण. तें डोळे मिटून दूध पितें, वाटेंत आडवें जाऊन कामाचा विचका करतें, आणि त्याच्या गळ्यांत घंटा कोणीं बांधावी या विवंचनेंत उंदीर असतात. लोकांच्या मनांत त्याच्याविषयीं ही जी कैफियत पूर्वींपासून लिहिलेली आहे, तिच्यामुळें एक अन्याय सहज घडतो. वर्षानुवर्षें मांडीवर निजलेलें मांजर एके दिवशीं अंगावर धांवून आलें, म्हणजे "शेवटीं जातीवर गेलें" एवढें म्हणून आपण मोकळे होतों. त्या रागामागें दुखणें असेल अशी शंकाहि मनास शिवत नाहीं. या निकालाचा थोडा इतिहास वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटलें, त्यास आमच्याच घरीं घडलेली एक गोष्ट कारण झाली.

कऱ्हेच्या कांठीं, बारामतींत, आमचें बिऱ्हाड आहे. अकरा वर्षें घरांत वावरलेलें आमचें करडें मांजर गेल्या पावसाळ्यांत पाणी फार पिऊं लागलें, अंगानें वाळलें, आणि एके दुपारीं आत्याबाई त्यास उचलावयास गेल्या असतां त्यानें त्यांच्या मनगटास कडकडून चावा घेतला. नंतर तें पलंगाखालीं जाऊन बसलें, तें हाक मारली तरी बाहेर येईना. रात्रीं मात्र भिंतीकडे तोंड करून मोठ्यानें ओरडे. शेजाऱ्यांचें एकमत झालें कीं मांजर पिसाळलें. पोत्यांत घालून इंदापूरच्या रस्त्यानें वस्तीबाहेर सोडून द्यावें. पोतें आणलें होतें. हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो. परंतु आणलें होतें.

मांजराच्या दुखण्याचा शोध जुन्या दफ्तरांत घेणें व्यर्थ आहे. शेजारच्या इंदापूर तालुक्याचेंच उदाहरण घ्या. प्रिंगलची मोजणी फसल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५-३६ च्या सुमारास याच तालुक्यांत नव्यानें जमीन-पाहणी केली, आणि तिचीच पद्धत पुढें मुंबई इलाख्यांत पसरली. जमिनीची प्रत, साऱ्याचा दर, पाण्याची सोय, शेतकऱ्याची ऐपत, अशा गोष्टींचा हिशेब त्या परंपरेंतील कागदांत लागतो. बैलानें चारा सोडला तर संसार थांबतो. म्हणून बैलाच्या दुखण्यांस नांवें आहेत, औषधें आहेत, आणि गांवोगांव जाणतीं माणसें आहेत. मांजर साऱ्याच्या हिशेबांत बसत नाहीं, म्हणून त्याचें दुखणेंहि बसलें नाहीं. त्याचा पालटलेला स्वभाव तेवढा लोकांच्या नजरेस पडला, आणि त्यास 'पिसाळणें' हें एकच नांव मिळालें.

हें नांव निराधार आहे असें मात्र नाहीं. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत कुत्रा, कोल्हा, तरस, अस्वल, वाघ इत्यादि जनावरांच्या पिसाळण्याचें वर्णन आहे. शेपूट, जबडा व खांदे गळालेले, तोंडांतून लाळ वाहणारी, बहिरेपण, आंधळेपण, सैरावैरा धांवणें, हीं सर्व लक्षणें तेथें सांगितलीं आहेत. आणि दंश झालेला मनुष्य पाण्यास भिऊं लागला म्हणजे तो वांचत नाहीं, हेंहि 'जलत्रास' या नांवानें नमूद केलें आहे. यांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, सुश्रुतानें त्या जनावरास दुष्ट ठरविलें नाहीं. कफानें बिघडलेला वायु त्याची संज्ञा हिरावून नेतो, असें त्याचें म्हणणें. आजची मीमांसा निराळी आहे; पण दोष स्वभावाचा नसून शरीराचा आहे, हा मूळ मुद्दा त्या जुन्या वैद्यास कळला होता. लोकांनीं पुढें भीति तेवढी जपली आणि कारण विसरलें.

ती भीति साधी नव्हती. १८३२ सालीं मुंबईंत मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमावरून पारशी समाजानें दंगा केला, आणि त्यानंतर १८३४ सालीं तेथें पांजरापोळ उभी राहिली. म्हणजे भीति आणि भूतदया यांचा तंटा आपल्याकडे चांगलाच जुना आहे. पाश्चरनें १८८५ सालीं पहिल्यानें मनुष्यास लस टोंचली. हिंदुस्थानांत तशी संस्था कसौलीस १९०० सालीं निघाली. पुढें मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस देशभर चालू झाली, आणि "पोटांत चौदा सुया" हे शब्द घरोघर पोंचले. ती लस आपल्याकडे २००५ च्या सुमारास बंद पडली, आतां दंडांत चार-पांच सुयांनीं काम भागतें. तरी चौदा सुयांची धास्ती म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मनांतून गेलेली नाहीं. जेथें ती धास्ती आहे तेथें मांजराच्या दुखण्याची चौकशी मागाहून होते. पोतें आधीं येतें.

आणि तरीहि याच मुलखानें एकदां जनावराच्या पालटलेल्या वागणुकीचा अर्थ बरोबर लावला होता. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, १८९७ सालीं पुण्यांत त्यानें कहर केला. मग खेड्यापाड्यांतून "उंदीर पडले" एवढे शब्द ऐकतांच लोक गांव सोडून रानांत झोपड्या घालून राहूं लागले. सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं पिसवेचा संबंध दाखविला. गांवकऱ्यांस पिसू ठाऊक नव्हती, परंतु दिवसाढवळ्या माणसांस न भितां झिंगत अंगणांत येणारा उंदीर त्यांनीं पाहिला होता, आणि तेवढ्यावर हजारों जीव वांचले. अमरावतीचे सिव्हिल सर्जन ब्यूकॅनन यांनीं १९०८ सालीं असें प्रतिपादिलें कीं, ज्या गांवीं मांजरें पुष्कळ तेथें प्लेग कमी. यास्तव घरोघर मांजर पाळावें. मांजराची सरकारदरबारीं वर्दी लागली ती अशी, पहारेकरी म्हणून. पहारेकऱ्यासहि आजार जडतो, हा विचार पुढें आला. मांजरास प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसास होऊं शकतो. अमेरिकेच्या पश्चिम भागांत १९७७ ते १९९८ या काळांत अशा २३ रोग्यांची नोंद झाली, त्यांपैकीं पांच दगावले.

आजारी मांजराकडे डोळेझांक केल्यास किती भारी किंमत पडते, याचें सर्वांत कठोर उदाहरण जपानांतलें आहे. मिनामाता येथें १९५० नंतरच्या वर्षांत कोळ्यांच्या घरचीं मांजरें एकाएकीं गरगर फिरूं लागलीं, झटके येऊन समुद्रांत पडूं लागलीं. लोकांनीं त्यास मांजरांचा नाच म्हटलें. १९५६ च्या मे महिन्यांत तशाच व्याधीनें पछाडलेल्या मुलांची नोंद झाली. चिस्सो कंपनीच्याच इस्पितळांतील डॉ. होसोकावा यांनीं १९५९ सालीं एका मांजरास कारखान्याचें सांडपाणी अन्नांत मिसळून दिलें. ४०० हा क्रमांक दिलेल्या त्या मांजरासहि तेच झटके आले. कंपनीनें हा प्रयोग दडपला, आणि सांडपाण्यांतील पारा हें कारण सरकारनें मान्य केलें तें १९६८ सालीं. मांजर आणि माणूस एकाच खाडीचे मासे खात होते. मांजर लहान, म्हणून तें आधीं पडलें, एवढाच फरक. ज्यांस नाच वाटला तो नाच नव्हता.

आमच्या घरची गोष्ट इतकी मोठी नाहीं; पण तिचा धडा हाच आहे. आमच्या भागांतील जनावरांचे डॉक्टर बहुधा गाई-म्हशींच्या गोठ्यांतच गुंतलेले. तरी एकजण सायंकाळीं आले. त्यांनीं तपासून सांगितलें कीं, मूत्रपिंडें निकामी होत आलीं आहेत, त्यायोगें रक्ताचा दाब वाढला आहे, आणि दृष्टि गेली आहे. म्हणजे ज्या मांजरानें चावा घेतला तें आंधळें होतें. वरून अंधारांतून कोणी झडप घातली असेंच त्यास वाटलें असेल. भिंतीकडे तोंड करून ओरडत होतें तें वाट चुकलेलें म्हणून. मांजर मुळांत दुखणें लपविणारें जनावर आहे. तें शिकार करतें, तसें स्वतः दुसऱ्याची शिकारहि होतें, म्हणून अशक्तपणा उघड करणें त्यास परवडत नाहीं. लपवितां येईनासें झालें म्हणजे जें बाहेर पडतें, त्यास आपण राग म्हणतों.

दया करावयाची ती डोळे उघडे ठेवून. डॉक्टरांनीं पिसाळण्याची शंका हंसण्यावारीं नेली नाहीं. आत्याबाईंची जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवविली, त्याच दिवशीं पहिली सुई देवविली, आणि मांजरास दहा दिवस निराळ्या खोलींत नजरेखालीं ठेवविलें. पुढें सांगितलें तें असें: पाणी व अन्न जवळ ठेवावें, आणि त्यांची जागा बदलूं नये, रेतीचें तबक उथळ असावें, दडलें असेल तर ओढून काढूं नये, आधीं बोलावें, मग हात लावावा, मुलांस दूर ठेवावें, आणि आपल्या औषधांतली गोळी त्यास कदापि देऊं नये, कारण माणसाचा ताप उतरविणारें पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेतें.

आत्याबाईंचें माहेर इंदापूर तालुक्याच्या टोंकास, नीरा आणि भीमा जेथें मिळतात त्या नरसिंहपुराकडचें. मनगटास पट्टी बांधलेली असतांनाच त्या म्हणाल्या, "अरे, नृसिंहाचा राग उतरेना तेव्हां देव लांब उभे राहिले, लक्ष्मी देखील पुढें झाली नाहीं. गेला तो प्रल्हाद. लहान होऊन जावें लागतें." आम्हीं भागवतांतली ती कथा कितीदां तरी ऐकली होती, हा अर्थ आम्हांस सुचला नव्हता.

दहा दिवस गेले, आणि पिसाळण्याची भीति उरली नाहीं. मांजर त्यानंतर सहा आठवडे जगलें. आत्याबाई दारांतूनच बोलत खोलींत जात, जमिनीवर बसत, आणि हात पुढें करून थांबत. कांहीं दिवस तें येई, कांहीं दिवस फिसकारे, आणि त्या उठून येत. शेवटच्या दिवशीं तें त्यांच्या पायाशीं निजलेलें होतें. पुरावयास नेतांना आम्हीं कोपऱ्यांतलें तें पोतें उचललें. आत्याबाईंनीं तें बाजूस सारलें, आणि आपल्या जुन्या लुगड्याचा पदर फाडून दिला.