विंचूदंश, बधिरीकरण आणि अ‍ॅड्रेनलिन : पश्चिम महाराष्ट्रातील उपचारांचा एक इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील आरोग्याचा इतिहास लिहिताना प्लेग, देवी, पटकी या साथींना जेवढे स्थान मिळाले, तेवढे विंचूदंशाला मिळालेले नाही. प्लेगने पुणे शहराचा राजकीय इतिहासच बदलला, त्यामुळे १८९७ च्या घटनांवर विपुल लेखन झाले. विंचवाने मात्र एकेका घरातून एकेक मूल नेले. त्यामुळे त्याची नोंद सरकारी कागदांत फारशी झाली नाही आणि लोकस्मृतीत ती मंत्र, उतारा व भारूड या रूपांनी राहिली. एकनाथांनी विंचवाचे रूपक भारुडासाठी निवडले, याचे कारण श्रोत्यांपैकी प्रत्येकाला त्या वेदनेची ओळख होती, हे उघड आहे.

या दंशावरील आधुनिक उपचारांचा इतिहास दोन औषधांभोवती फिरतो. पहिले जागा बधिर करणारे लिग्नोकेन व दुसरे अ‍ॅड्रेनलिन. विशेष म्हणजे यांपैकी दुसरे द्रव्य रुग्णाच्या शरीरात डॉक्टरांच्या सुईने येण्याआधीच विंचवाच्या नांगीमुळे आलेले असते. ही गोष्ट उलगडण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला आणि ती उलगडण्यात कोकणातील एका तालुक्याचा व पुण्यात शिकलेल्या एका डॉक्टरचा वाटा मोठा आहे.

बधिरीकरणाची पूर्वपीठिका

१८८४ साली व्हिएन्नामध्ये कार्ल कोलर याने डोळ्यात कोकेनचे थेंब टाकून शस्त्रक्रिया शक्य असल्याचे दाखविले आणि रुग्णाला पूर्ण भूल न देता केवळ एक जागा बधिर करण्याचे युग सुरू झाले. परंतु कोकेन रक्तात लवकर शोषले जाई आणि त्याची विषबाधा जिवावर बेते. १९०१ मध्ये जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत काम करीत असताना अ‍ॅड्रेनलिन शुद्ध स्वरूपात मिळविल्याचे जाहीर केले. त्यानंतर दोनच वर्षांनी हाइनरिश ब्राउन या जर्मन शल्यचिकित्सकाने ते कोकेनमध्ये मिसळून पाहिले. अ‍ॅड्रेनलिनमुळे टोचलेल्या जागेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तस्राव कमी होतो, औषध जागेवर टिकते व रक्तात सावकाश उतरते. ब्राउनने या परिणामाला ‘रासायनिक आवळपट्टी’ म्हटले. महाराष्ट्राच्या खेड्यांत विंचू चावलेल्या बोटाच्या वर करकचून दोरी बांधण्याची रीत होती. कल्पना तीच, साधन वेगळे.

पुढे प्रोकेन आले आणि १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन याने लिग्नोकेन तयार केले. भारतात ते ‘झायलोकेन’ या व्यापारी नावाने इतके रूढ झाले की दातांच्या दवाखान्यापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत तेच नाव ऐकू येते. ते साधे मिळते, तसेच अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलेही मिळते. दोन्ही बाटल्यांतील द्रव दिसण्यात सारखाच असल्याने लेबल वाचण्याला पर्याय नाही.

नांगी, नस आणि सोडियम

पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात मोठ्या काळ्या विंचवाला इंगळी म्हणतात आणि लोक त्याला अधिक भितात. प्रत्यक्षात जीवघेणा असतो तो आकाराने लहान असलेला लाल विंचू. शास्त्रीय ग्रंथांत त्याचे नाव पूर्वी ब्युथस टॅम्युलस, नंतर मेसोब्युथस टॅम्युलस व आता हॉटेनटोटा टॅम्युलस असे बदलत गेले. कौलांच्या फटी, सरपणाचे ढीग, दगडी बांध, चपला आणि कापणीच्या वेळच्या पेंढ्या ही त्याची राहण्याची ठिकाणे होत. साहजिकच दंश बहुधा हातापायांच्या बोटांना होतो.

या विंचवाचे विष नसांमधील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते. बंद व्हावयाची दारे बंदच होत नाहीत, त्यामुळे नस सतत संदेश पाठवीत राहते. लिग्नोकेन नेमके याच्या उलट काम करते, म्हणजे तेच मार्ग बंद करते. म्हणून बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी साधे लिग्नोकेन टोचले की असह्य वेदना काही मिनिटांत शमते. ग्रामीण डॉक्टरांनी हा उपाय फार पूर्वीपासून वापरला आणि रुग्णाच्या दृष्टीने तो चमत्कारच होता. परंतु यातच एक धोका दडलेला होता. वेदना थांबली म्हणजे विष उतरले, असा समज रुग्णाचा होई आणि कित्येकदा डॉक्टरचाही. बधिर होत असे ते केवळ बोट. रक्तात गेलेले विष आपले काम करीतच राही.

महाड आणि पुणे

हिम्मतराव बावस्कर यांचा जन्म जालना जिल्ह्यातील एका खेड्यात गरीब शेतकरी कुटुंबात झाला. नागपूर येथे वैद्यकीय पदवी घेऊन १९७६ मध्ये ते महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे विंचूदंशाचे रुग्ण येत, त्यांपैकी काही तरुण व बालके डोळ्यांदेखत मरत आणि पाठ्यपुस्तकांत त्याविषयी फारसे काही नसे. महाडहून वरंधा घाटाने भोरमार्गे पुणे गाठता येते, परंतु फुप्फुसात पाणी भरलेल्या मुलाला घेऊन त्या काळच्या वाहनाने घाट चढणे म्हणजे मृत्यूची वेळ प्रवासात घालविणे होय. उपचार व्हावयाचा तर तो घाटाखालीच होणे आवश्यक होते.

बावस्करांनी आरंभी केले ते काम अत्यंत साधे, पण चिकाटीचे होते. रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाची नोंद त्यांनी ठेवली. त्यातून एक क्रम स्पष्ट झाला. गंभीर रुग्णाला प्रथम उलट्या होतात, अंगाला दरदरून घाम सुटतो, हातपाय थंडगार पडतात, पुरुष रुग्णांत शिश्नाची ताठरता आढळते, रक्तदाब चढतो आणि त्यानंतर हृदय थकून फुप्फुसात पाणी होते. या पूर्वलक्षणांवरचा त्यांचा निबंध १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. दंशाच्या जागी तीव्र वेदना असणारा, आक्रोश करणारा रुग्ण बहुधा वाचतो. ज्याची वेदना अल्प आणि घाम अधिक, तो धोक्यात असतो. बरा होऊ लागलेला रुग्ण पुन्हा बोट दुखत असल्याची तक्रार करू लागतो. वेदनाशमनालाच उपचार मानणाऱ्या पद्धतीला या निरीक्षणाने आतूनच छेद दिला.

पुण्याच्या बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले. हे महाविद्यालय १९४६ मध्ये स्थापन झाले असले, तरी त्याचे मूळ १८७८ च्या वैद्यकीय शाळेत आहे आणि ससून रुग्णालय तर १८६७ पासून कार्यरत आहे. ती पदवी मिळाल्यावर मोठ्या शहरात व्यवसाय थाटण्याचा मार्ग मोकळा होता. बावस्कर महाडला परतले आणि पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी संशोधन पुढे चालविले. संस्थेचे शिक्षण शहरात आणि प्रश्न मात्र खेड्यात, असा हा प्रवास आहे. महाराष्ट्रात त्याची दिशा बहुधा उलटी असते.

अ‍ॅड्रेनलिनचे वादळ

लक्षणांचा हा क्रम नीट पाहिला, तर तो अ‍ॅड्रेनलिन अतिमात्रेत टोचल्यासारखाच आहे. विषामुळे मज्जातंतूंची टोके आणि अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन व त्याच्या जातीची द्रव्ये रक्तात ओततात. शरीरभरच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदयाचे स्नायू इजा पावतात. ब्राउनची रासायनिक आवळपट्टी एका बोटापुरती होती, येथे ती सर्वांगाला बसते.

हे कळेपर्यंतच्या उपचारांची यादी आज वाचताना खेद होतो. घाम व लाळ थांबविण्यासाठी अ‍ॅट्रोपिन दिले जाई. त्यामुळे हृदयाची गती वाढे व भार अधिक होई. स्टिरॉइड सर्रास टोचली जात, त्यांचा उपयोग नसे. थंडगार अंग पाहून ‘शॉक’ समजून रक्तवाहिन्या आवळणारी औषधे देणे तर आगीत तेल ओतण्यासारखे होते. त्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण थंड त्वचा व क्षीण नाडी या लक्षणांचा त्यांना शिकविलेला अर्थ तोच होता. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील राधाकृष्ण मूर्ती यांनी याच वादळात इन्सुलिन दडपले जाते, असे प्रतिपादन करून इन्सुलिनच्या उपचाराचा पुरस्कार केला. तो मार्ग मात्र ग्रामीण भागात रुजला नाही.

बावस्करांनी प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरले. ते परिणामकारक होते, पण थेंबाथेंबाने, सतत रक्तदाब मोजत द्यावे लागे. त्यानंतर त्यांनी प्राझोसिन निवडले. मुळात उच्च रक्तदाबासाठी आलेली ही गोळी अ‍ॅड्रेनलिन ज्या ‘अल्फा’ ग्राहकांवर काम करते तेच ग्राहक अडविते. ती स्वस्त होती, तोंडाने देता येई आणि वाडीवस्तीवरच्या उपकेंद्रातही ठेवता येई. मुलांना वजनाच्या दर किलोला सुमारे ३० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी, हातपाय उबदार होईपर्यंत, ही तिची मात्रा. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवे ठेवणे व मुलाला कडेवर उभे न धरणे ही दक्षता त्यातच आली. याविषयीचा निबंध १९८६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण पूर्वी सुमारे ३० टक्के होते, ते या उपचाराने १ टक्क्याच्या आसपास आल्याचे बावस्करांच्या लेखनातून दिसते.

प्रतिविषाचा प्रश्न त्यानंतरही चर्चेत राहिला. २०११ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तुलनात्मक चाचणीत ७० रुग्ण होते. प्राझोसिनसह प्रतिविष दिलेले रुग्ण सरासरी ८ तासांत, तर केवळ प्राझोसिन दिलेले १७.७ तासांत बरे झाले. प्राझोसिनचा पुरस्कर्ता असलेल्या माणसानेच प्रतिविषाची उपयुक्तता सिद्ध करावी, ही बाब लक्षणीय आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बोटाचा निषेध आणि त्याचा पुनर्विचार

आता पुन्हा बोटाकडे वळावे लागते. बोटात अ‍ॅड्रेनलिन टोचू नये, टोचल्यास ते काळे पडून गळते, ही शिकवण वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना दिली गेली. २००१ मध्ये डेंकलर यांनी जुने वाङ्मय तपासले, तेव्हा बधिरीकरणानंतर बोट गमावल्याची ४८ प्रकरणे आढळली. त्यांपैकी २१ मध्येच अ‍ॅड्रेनलिन होते, आणि त्यांतही बहुतेक ठिकाणी ते हाताने, अंदाजाने पातळ केलेले होते. पुढील अभ्यासकांनी जुन्या प्रोकेनकडे बोट दाखविले, कारण ते साठवणीत अतिशय आम्लयुक्त होई. कॅनडातील लालोंद व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये बोटांच्या व हाताच्या ३११० शस्त्रक्रियांचा अनुभव मांडला. त्यात एकही बोट गेले नाही.

त्याआधी २००३ मध्ये याच गटाने उताराही तपासला होता. अ‍ॅड्रेनलिनने पांढरे पडलेले बोट आपोआप पूर्ववत होण्यास सरासरी ५ तास १९ मिनिटे लागली, तर फेंटोलामिन टोचल्यावर १ तास २५ मिनिटे. फेंटोलामिन हेही प्राझोसिनप्रमाणे अल्फा ग्राहक अडविणारे औषध आहे. महाडमध्ये सर्वांगासाठी जे तत्त्व वापरले गेले, तेच कॅनडात एका बोटासाठी वापरले गेले. दोन्हींचा परस्परांशी संबंध नव्हता.

म्हणून विंचूदंशाच्या बोटात अ‍ॅड्रेनलिनयुक्त लिग्नोकेन चालेल, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. येथे निषेधाचे कारण बोट गळण्याचे नसून निराळेच आहे. ज्या शरीरात ते द्रव्य आधीच उधाणलेले आहे, तेथे थोडीही भर नको. म्हणून साधे लिग्नोकेनच योग्य, आणि तेही मोजून. २ टक्के द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते. साध्या लिग्नोकेनची प्रचलित मर्यादा दर किलोला ३ मिलिग्रॅम धरली, तर १५ किलो वजनाच्या मुलाला जास्तीत जास्त ४५ मिलिग्रॅम, म्हणजे सव्वादोन मिलिलिटर इतकेच देता येते. वेदना परतली की पुन्हा टोचणे, रडणाऱ्या मुलासाठी आईने विनविणे व डॉक्टरने आणखी अर्धी सिरिंज भरणे, यात ही मर्यादा नकळत ओलांडली जाऊ शकते. सुई रक्तवाहिनीत नसल्याची खात्री दट्ट्या मागे ओढून न केल्यास तर थोड्या मात्रेनेही कानात आवाज, तोंडाभोवती मुंग्या व आकडी येऊ शकते.

अ‍ॅड्रेनलिनची बाटली तरीही खोलीत हवीच. प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून केलेले असल्याने क्वचित तीव्र अधिहर्षता उद्भवते, आणि तेव्हा अ‍ॅड्रेनलिनला पर्याय नसतो. त्या वेळी वापरावयाचे १:१००० द्रावण प्रति मिलिलिटर १ मिलिग्रॅमचे असते, ते मांडीच्या स्नायूत द्यावयाचे असते. बधिरीकरणातील १:२००००० द्रावण त्याच्या दोनशेपट पातळ असते. एकाच कपाटात, एकाच नावाने असलेली ही दोन द्रव्ये व्यवहारात वेगवेगळी औषधेच होत. विंचवाचा रुग्ण ज्या रात्री येतो, त्या रात्री बहुधा वीज गेलेली असते, आणि लेबल विजेरीच्या उजेडात वाचावे लागते.