घरातील रसायनांमुळे फुफ्फुस निकामी झालं तर : प्रत्यारोपणाची माहिती

पाकीला दीनमध्ये मोठं स्थान आहे. पण स्वच्छतेसाठी आणलेली वस्तूच श्वासावाटे आत गेली तर काय होतं, हे दक्षिण कोरियाने पाहिलं आहे.

तिथे हिवाळ्यात खोलीतली हवा कोरडी पडते, म्हणून घरोघरी ह्युमिडिफायर लावतात. त्यातल्या पाण्यात टाकायचं जंतुनाशक १९९४ पासून विकलं जात होतं. पीएचएमजीसारखी रसायनं बारीक तुषारांसोबत रात्रभर फुफ्फुसात जात राहिली. २०११ मध्ये सोलच्या एका मोठ्या रुग्णालयात गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या महिला गंभीर अवस्थेत दाखल झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारी तपासात या जंतुनाशकाकडे बोट दाखवलं गेलं आणि नंतर ते बाजारातून काढलं गेलं. तोवर लहान मुलांसह अनेकांचा जीव गेला होता.

अशा इजेत फुफ्फुसात कडक चट्टे पडतात. याला फायब्रोसिस म्हणतात. एकदा पडलेले चट्टे औषधाने जात नाहीत. कोरियातल्या काही रुग्णांसाठी फुफ्फुस प्रत्यारोपण हाच शेवटचा मार्ग उरला.

प्रत्यारोपणासाठी सहसा ब्रेन डेड दात्याचं फुफ्फुस घेतात. रक्तगट आणि छातीचं माप जुळावं लागतं, आणि काही तासांतच ते बसवावं लागतं. पुढे शरीराने ते नाकारू नये म्हणून आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात. त्यामुळे संसर्गाचा धोका वाढतो. म्हणून हा इलाज मोठा आहे, पण सोपा नाही.

भारतात अवयवदान १९९४ च्या कायद्यानुसार होतं. अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. प्रतीक्षा यादीत नाव मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फतच लागतं.

दीनच्या बाजूने पाहिलं तर जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामिक फिकह अकादमीने १९८८ मध्ये काही शर्तींवर अवयव प्रत्यारोपणाला परवानगी दिली. आपल्याकडच्या उलेमांमध्ये याबाबत मतभेद आहेत. त्यामुळे घरात हा प्रश्न आला, तर डॉक्टरांसोबत आपल्या भरवशाच्या मुफ्तीसाहेबांनाही विचारावं.

आपण एवढं तरी पाळू या. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. फरशी-संडास धुताना खिडकी उघडी ठेवावी, लहान मुलांना लांब ठेवावं. जे पुसायला बनवलंय, ते हवेत फवारू नये. आणि अशा वासानंतर खोकला किंवा दम लागणं थांबत नसेल, तर घरगुती काढ्यावर दिवस न घालवता छातीच्या डॉक्टरांना दाखवावं.