रेव्हरंड टिळकांचे घर आणि खानदेशचा पाहुणा

तापी आणि पूर्णा यांच्या संगमाजवळचे मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, हे आम्हां खानदेशवासीयांना संत मुक्ताबाईंमुळे पूज्य आहे. आषाढी वारीसाठी येथून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते आणि वाटेतली गावे अनोळखी वारकऱ्यांना आपल्या ओसऱ्या मोकळ्या करून देतात. दार उघडे ठेवण्याचा हा संस्कार आमच्या मातीत मुरलेला आहे. ख्रिस्ती कुटुंबांपुढे तोच संस्कार ज्या एका कुटुंबप्रमुखाने जगून दाखविला, त्यांचे स्मरण आज करावेसे वाटते. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. ते आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते. अमेरिकन मराठी मिशनचे होते. परंतु त्यांची भजने आपल्याही देवळांतून गायिली जातात, आणि फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’नंतर ओवीतून ख्रिस्तचरित्र सांगण्याचा मोठा संकल्प त्यांनीच केला. तेव्हा ते आपल्याला परके नाहीत.

टिळकांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. 1880 मध्ये त्यांचा विवाह लक्ष्मीबाईंशी झाला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि त्या दिवशी एक घर दुभंगले. पत्नी माहेरच्या माणसांत राहिली. काही वर्षांनी ती परतली. परंतु आरंभी तिचे पाणी वेगळे, चूल वेगळी. टिळकांनी तिच्यावर सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केलेला नसून माणसांनी केला आहे, हे लक्ष्मीबाईंना पुढे त्यांच्या स्वतःच्या विचारानेच उमगले, आणि मग त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. घरच्या कर्त्याने श्रद्धेच्या बाबतीत किती धीर धरावा, याचा हा पाठ आहे.

अहमदनगरचे (आजच्या अहिल्यानगरचे) टिळकांचे घर हे केवळ चार माणसांचे घर कधीच नव्हते. शिष्य, कवी, अनाथ मुले, वाटसरू यांची तेथे सदैव वर्दळ असे. 1899-1900 च्या दुष्काळात, ज्याला लोक ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणतात, निराधार मुलांना त्यांच्या घरात आसरा मिळाला. गप्पा, भजने, काव्यचर्चा यांत टिळकांना काळवेळेचे भान राहत नसे. हातात पैसा आला की तो टिकत नसे. दुसऱ्याची गरज दिसली की स्वतःची विसरणे हा त्यांचा स्वभावच होता.

या घरी खानदेशचा एक पाहुणा आला. धरणगावला 1890 साली जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे. 1907 मध्ये जळगावास कविसंमेलन भरले, तेव्हा अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी दिली. टिळकांनी त्याला जवळ केले आणि पुढे तो नगरला त्यांच्या घरी राहिला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ठोमरे हिंदू होता आणि अखेरपर्यंत हिंदूच राहिला. टिळकांसारखा प्रभूसाठी झुरणारा मनुष्य, पण घरातल्या घासाच्या बदल्यात त्याने या मुलाचे धर्मांतर मागितले नाही. त्याने त्याला प्रेम दिले, कवितेची संगत दिली, आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे वागविले. 5 मे 1918 रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकात रेल्वेच्या अपघाताने बालकवींचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस. त्या मृत्यूने नगरचे ते घरही पोरके झाले असणार.

मात्र या औदार्याची दुसरी बाजू आपण नजरेआड करू नये. नवऱ्याने पाहुणे आणावेत आणि बायकोने रिकाम्या डब्यांतून त्यांची पाने वाढावीत, ही तारेवरची कसरत लक्ष्मीबाईंनी वर्षानुवर्षे केली. 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मकथेत टिळकांच्या विक्षिप्तपणाचे, संतापाचे आणि हात सैल सोडण्याचे प्रसंग विपुल आहेत. त्या कोठेही रडत नाहीत. उलट हसतात, आणि वाचणाऱ्याला हसवितात. तरी त्या हसण्यामागचा शीण जाणत्याला दिसतोच. टिळकांच्या उदारपणाची अर्धी किंमत त्यांनी मोजली. म्हणून त्या पुण्याचा अर्धा वाटाही त्यांचाच. आपल्या धर्मग्रामांतील दानशूर वडीलधाऱ्यांची आपण वाहवा करतो, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरातील माउलीचे नाव घेण्यास सहसा विसरतो. ही विसर पडण्याची सवय सुटली पाहिजे.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने ख्रिस्तभक्तांची एक बंधुमंडळी उभी केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तीत जागा होती. पाहिले तर हे त्यांच्या घराचेच मोठे रूप होते. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, बालकवींच्या मृत्यूनंतर एका वर्षाने. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. अक्षरओळख नसलेली मुलगी म्हणून जी या घरात आली, ती आता नवऱ्याची ओवी पुढे चालवीत होती. 1936 साली त्याही गेल्या, आणि शेवटी पुत्र देवदत्ताचाही या कामास हात लागला. टिळकांनी मागे इस्टेट ठेविली नाही. पण एका माणसाचे अर्धे राहिलेले काम सारे कुटुंब उचलते, याहून मोठा वारसा कोणता?

आज आपली घरे मोठी झाली आहेत, आणि दारांना कड्याही अधिक आहेत. घरात आलेल्या परधर्मी मुलाला आपण आपलेसे करतो का, आणि ते करताना त्याच्याकडून काही मागत नाही ना, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावे. आणि दार उघडताना चुलीपुढे कोण उभे आहे, याचीही चौकशी करावी. एवढे जमले तरी टिळकांचे स्मरण सार्थकी लागेल.