कडगंचीची पोथी आणि बालहनुमानाची तबकडी

कलबुर्गीहून आळंदकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडगंची हे गाव लागते. ज्यांच्या घरी गुरुचरित्राचा सप्ताह होतो, त्यांना या गावाची निराळी ओळख करून द्यावयास नको. श्रीनृसिंहसरस्वतींचे शिष्य सायंदेव हे येथले. त्यांच्याच वंशात पाचव्या पिढीला सरस्वती गंगाधर झाले आणि त्यांनी गुरुचरित्राची रचना केली. महाराष्ट्री ही आपली भाषा नव्हे, असे ते ग्रंथातच नम्रपणे सांगतात. तथापि ग्रंथ मराठीत झाला आणि कानडी मुलखातून निघून गाणगापूर, औदुंबर, नरसोबाची वाडी असा दत्तभक्तांच्या घरोघरी पोचला. छापखाना येईपर्यंत त्याचा सारा प्रवास लेखणीच्या बळावर झाला. कुणाच्या प्रतीत ५१ अध्याय, कुणाच्या ५२, तर कुणाच्या ५३. ही तफावतच सांगते की किती हातांनी तो उतरवून घेतला असेल. पुढे रामचंद्र कृष्ण कामत यांनी संशोधित आवृत्ती सिद्ध केली व ती मुंबईत केशव भिकाजी ढवळे यांनी छापली. कागद जीर्ण होतो, शाई फिकी पडते, वाळवीला अध्याय-ओवीचा विधिनिषेध नसतो. वेळ टळण्यापूर्वी कोणीतरी बैठक मारून जुन्या कागदावरचे अक्षर नव्या कागदावर आणले, म्हणून आपल्याला आज ग्रंथ वाचावयास मिळतो.

हा इतिहास येथे आठवण्याचे कारण जरा अनपेक्षित आहे. इसवी सन २००९ मध्ये या कडगंचीच्या वाट्याला कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आले. त्याच वर्षी हैदराबादेत तयार झालेला एक खेळ बाजारात आला. त्याचे नाव ‘हनुमान : बॉय वॉरियर’. सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन २ या खेळयंत्रासाठी तो हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीज या संस्थेने रचला. कन्सोल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या यंत्रासाठी संपूर्णपणे भारतात घडलेला हा पहिला खेळ, अशी त्याची इतिहासात नोंद आहे. हैदराबाद हे या मुलखाला परके नव्हे. सप्टेंबर १९४८ पर्यंत कडगंची निजामाच्याच राज्यात होती, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात जाईपर्यंत तिची राजधानी हैदराबादच होती. गुरुचरित्राची आणि एका खेळाची योग्यता एकच, असे मात्र कोणी समजू नये. साम्य आहे ते दोहोंवर ओढवणाऱ्या संकटात. पोथीला जशी वाळवी, तसा या तबकडीला काळ लागला आहे, आणि तिची नक्कल करणारी मंडळीही पुढे आली आहेत. त्यांना चोर म्हणावे की लेखक, हा प्रश्न आहे.

प्लेस्टेशन २ हे यंत्र जपानात ४ मार्च २००० ला विक्रीस आले. पुढील बारा वर्षांत त्याचे १५ कोटींहून अधिक नग जगभर खपले. दुसऱ्या कोणत्याही कन्सोलला इतका खप लाभलेला नाही. २००९ साली त्याच्या पुढची पिढी बाजारात येऊन तीन वर्षे लोटली होती. तरीसुद्धा हिंदी बाजारासाठी जुनेच यंत्र निवडले गेले, कारण मध्यमवर्गाच्या खिशाला तेच परवडणारे होते. ‘हनुमान’च्या पाठोपाठ त्याच वर्षी विटीदांडू, कबड्डी, पतंगबाजी असे आपले खेळ पडद्यावर आणणारा ‘देसी अड्डा’ निघाला. तोही हैदराबादच्याच गेमशास्त्र या संस्थेचा. २०११ मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सने ‘रा.वन’ या चित्रपटावरून अतिमानवी वीराचा मारधाडीचा खेळ केला. एवढ्यात यंत्राचेच आयुष्य सरले. २०१२ अखेर जपानात त्याची रवानगी थांबली आणि २०१३ च्या आरंभी उत्पादन बंद झाल्याचे जाहीर झाले. हिंदी कारागिरांनी या यंत्रावर हात बसवावयास घ्यावा आणि यंत्रानेच अंथरूण धरावे, असा तो योग.

‘हनुमान’ निघाला तेव्हा त्यावर वादळ उठले. अमेरिकेतील नेवाडा राज्यात राहणारे राजन झेद यांनी हा खेळ मागे घ्यावा अशी मागणी केली. भक्त ज्याची उपासना करतो, त्या देवतेला खेळणाऱ्याने कळ दाबून हवे तसे नाचवावे, हे देवतेला उणेपणा आणणारे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या आक्षेपाची थट्टा करणे सोपे आहे, पण ते योग्य नाही. त्याच वेळी हेही स्मरले पाहिजे की देवाचे सोंग आपल्याला नवे नाही. दशावतारात गावचा शेतकरी रात्रभर विष्णू होतो आणि पहाटे पुन्हा नांगराला जातो. त्यात कुणालाही पाखंड दिसत नाही. १९१७ साली दादासाहेब फाळके यांनी ‘लंकादहन’ काढला, त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या. पडद्यावर राम अवतरताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढीत, असे सांगतात. १९६७ मध्ये मूळचे कारकळचे, आपल्या गौड सारस्वत समाजातील अनंत पै यांनी ‘अमर चित्रकथा’ सुरू केली आणि देवादिकांना चित्रांच्या चौकटींत बसविले. २००५ मध्ये व्ही. जी. सामंत व मिलिंद उके यांचा ‘हनुमान’ हा चलच्चित्रपट आला आणि मुलांनी तो डोक्यावर घेतला.

मग खेळानेच असे काय निराळे केले? आमच्या मते झेद यांचे बोट योग्य जागेच्या अगदी जवळ पडले होते. कळ दाबून देव हलविणे यात विशेष काही नाही. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारेही सूत्र ओढूनच देव हलवितात. फरक असा की दशावतारातला किंवा बाहुल्यांतला हनुमान कधी हरत नाही. समुद्र ओलांडताना तो पाण्यात पडला, असे नाटक कोणी लिहिणार नाही. मारधाडीच्या खेळाचा धर्म मात्र हरण्याच्या शक्यतेवर उभा आहे. शक्तीची रेघ कमी होत जाते, मुलाचा अंगठा चुकतो, वीर कोसळतो आणि पुन्हा आरंभापासून उठतो. परदेशी अतिमानवांच्या बाबतीत हे खपून जाते, कारण ते कागदावर जन्मलेले आहेत. हनुमान तर सप्तचिरंजीवांपैकी एक. चिरंजीवाला दिवसातून दहा वेळा मरावयास लावणारा प्रकार श्रद्धावंताला खटकला, तर त्यात नवल नाही. दुसऱ्या बाजूने, त्याच मुलाला दहा वेळा उठून पुन्हा उडी घेणारा हनुमानही दिसतोच! हा वाद मिटलेला नाही, आणि खरे तर नीट झालेलाही नाही. तो व्हावयाचा असेल तर मूळ वस्तू डोळ्यांसमोर असली पाहिजे. त्या वेळच्या परीक्षकांनी खेळ म्हणून ‘हनुमान’ची फारशी वाखाणणी केली नव्हती, ही गोष्ट निराळी, वाईट पोथीसुद्धा वाचल्यावाचून वाईट ठरविता येत नाही.

येथे डेस्कटॉप संगणकाचा प्रवेश होतो. कन्सोलचा खेळ संगणकावर चालविणाऱ्या प्रणालीला एम्युलेटर म्हणतात. आपण तिला दुभाषी म्हणू. प्लेस्टेशन २ चा मुख्य गणक सेकंदाला सुमारे २९ कोटी ठोके घेतो आणि त्याची स्मृती अवघी ३२ मेगाबाइट. आजच्या साध्या संगणकाची स्मृती याच्या शेकडो पट असते. मग अडते कोठे? अडते भाषेत. दोन्ही यंत्रांच्या आज्ञांची भाषा वेगळी. शिवाय त्या जुन्या पेटीत एकच गणक नाही. मुख्य गणक, भूमितीची आकडेमोड करणारे दोन साहाय्यक, तबकडी व हातातील नियंत्रक सांभाळणारा चौथा, चित्राचा वेगळा, ध्वनीचा वेगळा, असा सारा मेळ असतो. भजनात पखवाज, टाळ आणि पेटी आपापले वाजवितात, पण लय एकच असावी लागते. दुभाष्याने एकेकाचे बोलणे बरोबर उलथले आणि लय सुटली, तरी सारे बेसूर.

भाषांतराच्या रीती दोन. एकीत प्रत्येक वाक्य ऐकून तेथल्या तेथे उलथावयाचे. ही बिनचूक पण अतिशय संथ. दुसरीत अख्खा परिच्छेद एकदा उलथून टिपून ठेवावयाचा आणि तोच परिच्छेद पुन्हा आला की टिपण वाचावयाचे. खेळात तीच कृती क्षणाक्षणाला घडत असल्याने दुसरी रीत फलदायी ठरली. पीसीएसएक्स२ नावाचा दुभाषी २००२ मध्ये उदयास आला. स्वयंसेवकांनी फावल्या वेळात घडविलेल्या या प्रणालीला १.० हा आकडा लावण्याइतका विश्वास यावयास २०१२ साल उजाडले. तिच्यामुळे संगणकाच्या साध्या डीव्हीडी खोबणीत तबकडी घालून खेळ चालविता येतो. मूळ यंत्राच्या ८ मेगाबाइटच्या स्मृतिपत्राची जागा एक फाइल घेते. चित्रही मूळच्याहून रेखीव दिसते. भारतात आलेली यंत्रे पाल पद्धतीची, तर अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीची. त्यामुळे येथील तबकडी न्यू जर्सीतल्या आप्ताच्या कन्सोलवर चालत नाही. दुभाष्याला मात्र दोन्ही बोली येतात.

हे सारे कायद्यात बसते काय? १९९९ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिक्स कंपनीने पहिल्या प्लेस्टेशनचे खेळ मॅकिंटॉश संगणकावर चालविणारी प्रणाली विकावयास काढली आणि सोनीने तिला न्यायालयात खेचले. फेब्रुवारी २००० मध्ये तेथील नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने निर्णय दिला. यंत्र कसे चालते हे समजून घेण्यासाठी त्याच्या अंतर्गत आज्ञावलीचा अभ्यास करणे, व त्यावरून आपली स्वतंत्र आज्ञावली लिहिणे, हा अपराध नव्हे, असा त्याचा आशय. सोनीने २००१ मध्ये ती प्रणालीच विकत घेऊन बंद केली; पैशाचा न्याय असाही असतो. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात १९९९ साली अशाच अभ्यासाला मोकळीक देणारी पोटकलमे घातली गेली, आणि प्रणालीच्या वैध धारकाला नुकसानीपासून संरक्षणासाठी प्रत करून ठेवण्याची मुभाही त्याच कलमात आहे. तथापि यंत्राची ‘बायोस’ ही मूळ आज्ञावली सोनीच्याच मालकीची आहे. ती आपल्या स्वतःच्या यंत्रातून उतरवून घेणे वेगळे आणि दुसऱ्याकडून फुकट मिळविणे वेगळे. स्वतःच्या तबकडीची प्रत आणि बाजारभर वाटलेली प्रत यांतही तेच अंतर आहे.

जे खेळ धनाढ्य कंपन्यांचे आणि खपाऊ, त्यांना दुभाष्याची फारशी गरज पडत नाही. २०१८ मध्ये केवळ प्लेस्टेशन ४ साठी निघालेला स्पायडर-मॅन मालकांनीच ऑगस्ट २०२२ मध्ये संगणकासाठी नव्याने बांधून दिला. बालहनुमानासाठी तसा खर्च कोण करील? अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत २०१० पूर्वीच्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात रीतसर मिळत नाहीत असे आढळले. जेथे हा उद्योग फोफावला तेथली ही गत, तर हैदराबाद-मुंबईच्या मूठभर खेळांची काय असेल!

१९५४ च्या कायद्याप्रमाणे भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील नेमलेल्या ग्रंथालयांत द्यावी लागते. चित्रपटांसाठी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. पण त्यालाही उशीर झाला होता. ‘लंकादहन’चा आज थोडासा तुकडाच शिल्लक आहे, बाकीची फीत नाहीशी झाली. खेळांच्या तबकड्या कुठे जमा कराव्यात, हे कोणत्याच कायद्याने सांगितलेले नाही. त्यांतील ॲल्युमिनियमच्या थराला हवा लागली की तो गंजू लागतो; यंत्रातील लेसर भिंग त्याआधीच थकते. ‘हनुमान’ची किंवा ‘रा.वन’ची तबकडी ज्यांच्या कपाटात पडून असेल, त्यांनी ती संगणकात घालून एकदा तिची प्रत उतरवून घ्यावी. चांगल्या स्थितीतील तबकडीला या कामास अर्धा तासही लागत नाही. गंजलेलीपुढे तासन्‌तास बसूनही काही ठिकाणचे अक्षर उमटत नाही.