घसारा आणि गिटार

कॉमर्स शिकलेल्या माणसाला जुनी वस्तू दिसली की आधी तिचा घसारा दिसतो. दर साल दहा टक्के, आणि शेवटी भंगार किंमत! हे गणित साफ झोपवणारी एक अमेरिकन गिटार मला ठाऊक आहे.

पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी मार्टिन कंपनीने ती १९३५ साली घडवली. मॉडेल डी-२८, अनुक्रमांक ५८९५७. (अनुक्रमांक लिहिल्याशिवाय आम्हा बँकवाल्यांना घास उतरत नाही.) १९५९ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये व्हाइट बंधूंच्या घरी ती आली, ती २५ डॉलरना. अवतार असा, की पोटावरच्या भोकाची कड वाजवून वाजवून झिजलेली. झिजलेला भाग काढताना भोकच चांगलं ऐसपैस झालेलं. म्हणजे इथे घसारा वहीतला नव्हे, अक्षरशः लाकडाचा! मानेवरची पट्टीसुद्धा मूळची राहिलेली नाही. जुन्या वाद्यांचे जाणकार असं काही पाहिलं की सुतक धरतात.

धाकट्या क्लॅरन्सने मात्र तीच उचलली. ब्लूग्रास म्हणजे तिकडचं बँजो-फिडलचं गाणं. त्यात गिटारने बहुधा मागे बसून ठेका धरायचा, पंगतीतल्या वाढप्यासारखा. तिला पानावर बसवणाऱ्यांत क्लॅरन्स व्हाइट हे मोठं नाव. पुढे पैशांची गरज पडली तेव्हा त्याने ती ओळखीतल्या एकाकडे चक्क तारण ठेवली. १९७३ साली एका दारुड्याच्या मोटारीने त्याचा जीव घेतला. वय फक्त २९.

१९६० साली टोनी राइस नावाच्या नऊ वर्षांच्या पोराने ही गिटार क्लॅरन्सकडे पाहिली होती. १९७५ मध्ये त्याने तो तारणवाला हुडकून काढला आणि ५५० डॉलर मोजले. १९९३ च्या फ्लोरिडातल्या वादळात ती पाण्याखाली गेली, तरी दुरुस्त होऊन परत वाजली. कारखानदार तर कोऱ्या गिटारींनाच मोठी भोकं पाडू लागले!

हे सगळं मी भाच्याला सांगितलं, कारण त्याला त्याच्या आजोबांच्या जुन्या गिटारला ड्रिल मारून पिकअप बसवायचाय.

"म्हणजे मारू ना भोक, मामा?"

पोरं हवं तेवढंच ऐकतात. अरे, ते भोक वाढलं ते झीज झाली म्हणून, हौस म्हणून नव्हे. फ्रेट झिजलेत? बदल. मान वाकलीय? सरळ करून घे. त्याशिवाय ती वाजणारच नाही, आणि आजोबांनी काही ती कपाटात ठेवायला घेतली नव्हती. पण धडधाकट लाकूड कापू नकोस. आमच्याकडे चुकलेल्या नोंदीला उलट नोंद असते, लाकडाला नसते. भोकात नुसता अडकवायचा पिकअप बाजारात मिळतो, काढला की डागसुद्धा राहत नाही.

"त्याची वायर बाहेर लोंबते, मामा. बरं नाही दिसत."

लोंबू दे.